एका मापात दोन राशी

प्राथमिक शाळा चांगली कशावरून म्हणावी, या प्रश्नाची तीन उत्तरे अहवालांतून नेहमी एकत्र येतात. मुलांना तेथे मायेने वागवले जावे, कोणीही बाहेर राहू नये आणि मुले अभ्यासात पुढे असावीत. तिन्ही अपेक्षा योग्यच आहेत. सदोष आहे ती त्या तपासण्याची रीत. आपुलकीसाठी भिंतीवरची चित्रे पाहायची, समावेशासाठी पटावरची संख्या आणि गुणवत्तेसाठी चाचणीचे गुण. तीन रकाने, तीन नोंदी. नंदुरबार जिल्ह्यात हे रकाने भरायला बसले की त्यांच्यामधल्या रेघा पुसट होऊ लागतात.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. सातपुड्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत घराघरांत पावरी किंवा भिली बोलली जाते. पहिलीत येणारे मूल पाच-सहा वर्षे याच भाषेत विचार करत आलेले असते. पुस्तक उघडते ते मात्र प्रमाण मराठीत.

आता मोजमापाकडे पाहू. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि मग गावाबाहेरच्या पथारींवर वाळत पडते. ओल्या मिरचीचा काटा खोटा नसतो, पण तो मिरची आणि पाणी यांचे एकत्र वजन सांगतो. त्या आकड्यावरून वाळलेला माल किती भरेल हे ठरवायचे तर पाण्याचे प्रमाण वेगळे कळायला हवे. पावरी बोलणाऱ्या मुलाची मराठीतून घेतलेली गणिताची चाचणी अशीच असते. एका गुणात दोन राशी मिसळलेल्या असतात : गणित किती येते आणि मराठी किती कळते. प्रयोगशाळेत असे वाचन कोणी स्वीकारणार नाही. शाळेत मात्र त्यावरून मुलाला ‘अप्रगत’ ठरवले जाते.

एक साधे उदाहरण घ्या. ‘१५ आणि ९ यांतील फरक किती?’ येथे ‘फरक’ हा शब्द अडला की वजाबाकी येऊनही उत्तर येत नाही. मग मूल गप्प बसते, आणि गप्प मुलाच्या नावापुढे ‘लाजाळू’ अशी नोंद होते. (असा शेरा मारणे सोपे असते, कारण तो तपासायला कोणी येत नाही.) अशा मुलाच्या पाठीवरून हात फिरवणे चांगलेच, पण त्याला जे सांगायचे आहे ते ऐकणारे वर्गात कोणी नसेल तर ती माया अपुरी पडते. पटावर नाव आहे म्हणून ते मूल वर्गात सामील आहे, असेही म्हणता येत नाही. तीनही रकाने एकाच ठिकाणी अडले आहेत.

शाळेतला आकडा मुलाची समज किती झाकू शकतो, याचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात तेरेझिन्या काराहेर आणि सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारले. सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे तशीच गणिते नुसत्या आकड्यांत, शाळेच्या पद्धतीने दिली, तेव्हा बरोबर उत्तरे सुमारे ३७ टक्क्यांवर आली. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, त्यामुळे टक्केवारीवर फार भार देऊ नये. पण मुले तीच होती, हे महत्त्वाचे. धडगाव-मोलगीच्या आठवडी बाजारात आईबरोबर बसणारी मुले आपल्याही वर्गांत आहेत.

याच जिल्ह्यात एक वेगळा प्रयत्न झाला आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी चिमलखेडी, निमगव्हाण अशा नर्मदाकाठच्या गावांत जीवनशाळा सुरू केल्या. त्या निवासी आहेत. शिक्षक बहुधा परिसरातलेच आदिवासी तरुण. सुरुवात मुलांच्या बोलीत करायची, त्या बोलीत वाचनसाहित्य तयार करायचे आणि तेथून मराठीकडे जायचे, असा क्रम त्यांनी धरला. सरदार सरोवराचे पाणी चढत गेले तशा काही शाळा उचलून वर न्याव्या लागल्या.

या शाळांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि माझा आक्षेप त्या कौतुकाच्या जातीला आहे. पाहुणे येतात, गाणी ऐकतात, ‘लढाई-पढाई साथ-साथ’ ही घोषणा लिहून घेतात आणि डोळे ओले करून परततात. शाळेच्या मध्यभागी असलेली गोष्ट, म्हणजे पहिल्या वर्षी मुलाला प्रश्न विचारता येतो ही, त्यांच्या लेखांत एका ओळीत उरकली जाते. शिवाय येथून शिकून पुढे गेलेल्या काहींची नावे पुरावा म्हणून दिली जातात. तो पुरावा नव्हे. शाळा निवासी, शिक्षक जवळचे, गावाची शाळेवर मालकीची भावना, भाषा घरची : यांपैकी कशाचा वाटा किती, हे यशस्वी मुलांच्या यादीतून कळत नाही. पुढे गेलेल्यांबरोबर गळलेल्यांचीही मोजणी करावी लागते.

भाषेचा वाटा वेगळा काढण्याचा प्रयत्न नायजेरियातील इफे येथे झाला. १९७० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात काही वर्गांना सहाही वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून नीट शिकवला. तुलनेला तीन वर्षांनी इंग्रजीकडे वळणारे नेहमीचे वर्ग होते. योरुबातून शिकलेली मुले इंग्रजीत मागे पडली नाहीत आणि इतर विषयांत सरस ठरली. घरच्या भाषेत शिकवले तर मुलांचे मराठी कच्चे राहील, ही आपल्याकडची भीती या निष्कर्षाशी जुळत नाही.

कायद्याचीही अडचण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत तोच आग्रह आहे. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांत मात्र सातपुड्यातल्या पुष्कळ वाड्या बसवून टाकता येतात. सपाटीवरून बदलून आलेल्या शिक्षकाला पावरी येत नाही, हा त्याचा दोष नव्हे. ती शिकायला वेळ, पुस्तक आणि शिकवणारा माणूस देणे हे व्यवस्थेचे काम आहे, आणि तपासणीच्या एकाही रकान्यात ते विचारले जात नाही.

तोवर एक तपासणी वर्गात करता येईल, तिला खर्च नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलांना दहा गणिते छापील मराठीत द्या. आठवड्याने त्याच काठिण्याची दहा गणिते चौथी-पाचवीतल्या एखाद्या मुलीकडून घरच्या भाषेत तोंडी विचारून घ्या. शक्य असेल तर समोर आंब्याच्या कोयी किंवा मोहाची फुले ठेवा. अर्ध्या मुलांसाठी क्रम उलटा ठेवा, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. आकडे उत्तराएवढेच ठेवा, इशारे देऊ नयेत असे त्या मुलीला आधी समजावा. दोन्ही गुण शेजारी शेजारी लिहा. ज्या मुलांच्या दोन गुणांत मोठे अंतर दिसेल, त्यांच्या नावापुढचा जुना शेरा काढून पाहा आणि त्यांना पुढच्या महिन्यात गणित शिकवायचे की मराठी, हे त्या अंतरावरून ठरवा.