खोड नसलेल्या वडाचे फोटो कसे वाचायचे?

संशोधनात फोटो आपण बहुतेक वेळा शेवटी चिकटवतो. मजकूर आधीच लिहून झालेला असतो, फोटो फक्त 'हे बघा' म्हणायला. यात काय हातचं जातं, ते एका वडाच्या उदाहरणावरून सांगते.

हा वड म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातला 'ग्रेट बनियन'. उद्यान १७८७ सालचं, आणि वडाचं वय साधारण अडीचशे वर्षं मानतात. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल बोर्नसारख्या नामवंत छायाचित्रकारांनी त्याचे फोटो काढले. त्या काळातल्या अशा फोटोंची मांडणी ठरलेली असते: पारंब्यांच्या रांगा, आत गडद सावली आणि कडेला उभा एखादा माणूस.

पहिला आक्षेप या माणसाबद्दल. तो कोण, हे सहसा लिहिलेलं नसतं. झाड किती मोठं आहे ते कळावं म्हणून त्याला उभं केलेलं असतं, म्हणजे तो मोजपट्टी झाला. आणि आपण अशा फोटोवरून 'स्थानिकांचं झाडाशी नातं' लिहून मोकळे होतो! माझ्या पहिल्या मसुद्यात मीही हेच केलं होतं. गाईडने समासात एवढंच विचारलं, "नातं कुठे दिसतंय?"

दुसरा आक्षेप फोटोखालच्या ओळीला. तिथे 'कलकत्ता' असतं. झाड मात्र हुगळीच्या पलीकडे, हावड्यातल्या शिबपूरला आहे. बाहेरच्या ग्राहकाला ओळखीचं नाव हवं होतं हे समजतं, पण स्थानिक महत्त्वावर लिहिताना तीच ओळ उतरवली की आपण गावच पुसतो.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत झाडाचं मोठं नुकसान झालं, पुढे बुरशी लागली आणि १९२५ मध्ये मुख्य खोड काढून टाकावं लागलं. आज झाड उभं आहे ते तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर. बाहेरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच कळत नाही, घेर तसाच भरगच्च दिसतो. कोवळ्या पारंब्या माती भरलेल्या बांबूच्या नळ्यांतून जमिनीपर्यंत आणल्या जातात. म्हणजे हा विस्तार जितका निसर्गाचा, तितकाच माळ्यांच्या हातांचा. 'निसर्गाचा चमत्कार' दाखवणाऱ्या फोटोत बांबू आणि माळी चौकटीबाहेर राहतात. माझ्या मते, झाडाचं स्थानिक महत्त्व शोधायची पहिली जागा तीच.

मग हे फोटो टाकाऊ का? अजिबात नाही. झाडाभोवती सुमारे ३३० मीटरचा रस्ता बांधला गेला आणि वड तोही ओलांडून पुढे गेला. वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत रस्ता आणि फांद्यांची कड सापडली, तर वाढीचा क्रम लावता येतो. आकार आणि विस्तार यांबाबत फोटोची साक्ष भक्कम आहे. महत्त्वाबाबत ती कच्ची आहे, तिथे उद्यानाच्या नोंदी आणि काम करणाऱ्यांच्या मुलाखती लागतातच.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये एखाद्या जुन्या झाडाचा फोटो घालण्याआधी चार ओळी लिहून बघा: कॅमेरा कुठे होता, फोटो कोणासाठी काढला, खालची ओळ कोणी लिहिली, आणि चौकटीबाहेर कोण राहिलं. चौथ्या ओळीला उत्तर सुचत नसेल, तर फील्डवर्क तिथूनच सुरू करा.