कलेक्शन आणि निर्मित डेटा : ‘थिंकिंग इन जावा’मधील एका विवेचनाची चिकित्सा

ब्रूस एकेल यांच्या ‘थिंकिंग इन जावा’ या ग्रंथाची चौथी आवृत्ती २००६ साली प्रसिद्ध झाली. निरनिराळी कलेक्शन निर्मित डेटाने कशी भरावीत, याचे तीत स्वतंत्र विवेचन आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार अध्यापनाच्या दृष्टीने केला आहे.

एकेल प्रथम जावाच्या तयार सोयींच्या मर्यादा दाखवितात. ‘फिल’ ही मेथड यादीतील विद्यमान घटक बदलते, यादी वाढवीत नाही. ‘एनकॉपीज’ने केलेल्या यादीत सर्व स्थानी एकाच ऑब्जेक्टचा संदर्भ असतो. म्हणून ते ‘जनरेटर’ हा इंटरफेस योजतात. मूल्य निर्माण करणे जनरेटरचे काम, साठविणे कलेक्शनचे. त्यामुळे एकच डेटा अ‍ॅरेलिस्ट, हॅशसेट वा ट्रीसेट यांपैकी कशातही भरता येतो. यादृच्छिक संख्यांसाठी ४७ हे निश्चित बीज वापरल्याने तीच मालिका पुन्हा मिळते व उत्तर पडताळता येते. जबाबदाऱ्यांची ही विभागणी निःसंशय अनुकरणीय आहे.

तथापि कोणत्या कलेक्शनसाठी कोणता डेटा योग्य, हा प्रश्न या भरणीच्या विवेचनात गौण राहतो. ० ते ९९ मधील १००० यादृच्छिक संख्या अ‍ॅरेलिस्टमध्ये भरल्यास १००० घटक होतात. हॅशसेटमध्ये १०० हून अधिक होऊच शकत नाहीत. अशा दोहोंच्या वेगाची तुलना निरर्थक ठरते. क्रमाने वाढणारे पूर्णांक तर अधिकच फसवे असतात. जावा ८ पासूनच्या ओपनजेडीकेमध्ये ० ते ९९ हे पूर्णांक हॅशसेटमधून चढत्या क्रमानेच बाहेर येतात. वस्तुतः हॅशसेट क्रमाची कोणतीही हमी देत नाही. विद्यार्थी मात्र तो क्रम राखतो असे समजून बसतो, आणि पूर्णांकांऐवजी नावे भरताच त्याचा प्रोग्रॅम चुकतो. एकेल त्याच प्रकरणात पुढे हॅशिंगची सविस्तर चर्चा करतात हे खरे. परंतु तिचा धागा भरणीच्या उदाहरणांशी जोडला जात नाही.

२०१७ च्या ‘ऑन जावा ८’मध्ये एकेल यांनी स्वतःच्या जनरेटरऐवजी जावाचा ‘सप्लायर’ स्वीकारला. साधन सुटसुटीत झाले, परंतु डेटाच्या निवडीचा प्रश्न कायम आहे.

यास्तव प्रात्यक्षिकात पुनरावृत्ती असलेला, उलट क्रमाचा आणि निश्चित बीजाचा यादृच्छिक असा तीन प्रकारचा डेटा द्यावा. प्रोग्रॅम चालविण्यापूर्वी घटकसंख्या व क्रम यांचे अनुमान विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे आणि गुण त्यामागील कारणमीमांसेला द्यावेत. केवळ भरलेले कलेक्शन हे कलेक्शन समजल्याचे प्रमाण नव्हे.