एक, एक आणि एक

'दस्तऐवजीकरण' हा शब्द उच्चारतानाच माणसाची निम्मी शक्ती खर्च होते. उरलेल्या निम्मीत त्याने ते वाचावे, अशी अपेक्षा असते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचे पोट उघडून आत बघायला कुणालाही परवानगी आहे असे सॉफ्टवेअर, त्याच्याबरोबरही अशी एक माहितीपुस्तिका येते. ती लिहिणारे पुष्कळजण बिनपगारी असतात, त्यामुळे टीका करताना जीभ जरा अडखळते. पण अडखळून अडखळणार किती?

परवा अशी एक पुस्तिका पाहिली. पायरी १. खाली एक कमांड. मग पुन्हा पायरी १. पुन्हा कमांड. पुन्हा १! जॉन ग्रुबरने २००४ साली काढलेल्या मार्कडाऊन या लेखनपद्धतीत सगळ्या पायऱ्यांना एकच आकडा दिला तरी चालते, पुढची मोजणी यंत्र करते. मात्र मधली कमांडची ओळ थोडी आत सरकवायची राहिली, की यंत्राला वाटते यादी संपली, आणि ते नव्याने श्रीगणेशा करते. आमच्या लिंबागणेशला प्रत्यक्ष भालचंद्राचे देऊळ आहे, पण इतके श्रीगणेशे तिथेही कुणी करीत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातकी. लिब्रेऑफिस रायटरमध्ये शब्दाआधी दोन छोट्या आडव्या रेघा टाइप केल्या, तर त्यातली स्वयंदुरुस्ती त्यांची एक लांब रेघ करून टाकते. कादंबरीत ती शोभते. कमांडमध्ये दोन म्हणजे दोनच लागतात! आमच्या धंद्यात याला जमेची रक्कम नावे पडणे म्हणतात. आकडा बरोबर, अक्षर मोत्यासारखे, आणि खातेदार काउंटरवर लालबुंद.

असल्या दुरुस्त्या या मंडळींत किरकोळ समजल्या जातात. लग्नघरी ज्याला स्वयंपाक जमत नाही त्याला पत्रावळ्या मांडायला लावतात, तसे नवशिक्याला हे काम देतात. पण पत्रावळ फाटकी निघाली तर वरण कुठे जाते? पुण्याच्या पोराला शेजारच्या टेबलावर विचारता येते. लिंबागणेशच्या पोरापुढे एक जुना कंप्यूटर आणि ती पुस्तिका, बस्स. कमांड चालली नाही तर रेघ लांब झाली असेल, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. त्याला वाटते आपलेच इंग्रजी कच्चे, आपलेच डोके कमी. तो मुकाट्याने उठतो.

मांडणीला किरकोळ न मानणारा एक माणूस मला ठाऊक आहे. डोनाल्ड क्नुथ. १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांना इतकी कुरूप वाटली, की त्यांनी अक्षरजुळणीची 'टेक' ही प्रणालीच लिहायला घेतली. तिचा स्रोतही सर्वांना खुला. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवीत आणि लोक तो वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावीत. चेकवरून फसवणुकीची भीती वाटू लागल्याने २००८ पासून ते 'बँक ऑफ सान सेरिफ' या अस्तित्वातच नसलेल्या बँकेची ठेवपावती देतात. काउंटर नाही, खातेदार नाही, ऑडिट नाही. तिथे बदली मिळत असेल तर मी आजच अर्ज करतो, आणि तोही नीट समास सोडून.