खानदेशातील शाळा आणि ‘शुद्ध’ मराठीचा वारसा

शिक्षण सार्वत्रिक झाले म्हणजे ते समावेशकही झाले, असे आपल्याकडे सहसा गृहीत धरले जाते. जळगाव व धुळे या जिल्ह्यांचा अनुभव त्यास दुजोरा देत नाही. शाळेचे दार सर्वांस उघडले. परंतु आत येताना आपली बोली उंबरठ्याबाहेर ठेवावी, ही अट कायम राहिली.

या अटीचे मूळ इतिहासात आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. पुढील चार दशकांत मराठीचे शालेय रूप ठरत गेले. मोल्सवर्थचा कोश (१८३१), दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखालील क्रमिक पुस्तके ही त्या घडणीची प्रमुख साधने होत. पुण्याकडील शिष्टवर्गाची भाषा हा तिचा आदर्श होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शिक्षक बहुतेक एकाच जातीचे असतात, हेही निदर्शनास आणले. मागणी कालांतराने कायद्याने मान्य झाली. त्या निरीक्षणाचा भाषेशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षितच राहिला.

अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ यास ‘डोया’ म्हणते आणि ‘घरात’ याऐवजी ‘घरमा’ म्हणते. पहिल्या उदाहरणात ळकाराच्या जागी यकार येतो. दुसऱ्यात प्रत्ययापूर्वी ‘घर’चे ‘घरा’ होत नाही. दोन्ही ठिकाणी नियम आहे, अनवधान नाही. वहीत मात्र हस्तदोष आणि बोलीचा नियम यांवर सारखीच तांबडी रेघ पडते. ज्या विद्यार्थ्याचे प्रत्येक वाक्य चुकते, तो अखेर बोलणेच सोडतो. आणि त्याचे मौन मतिमांद्य समजले जाते.

येथील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीचा समावेश मराठीत न करता भिल्ली भाषांबरोबर केला. जनगणनाही तिला स्वतंत्र भाषा मानते: २००१ मध्ये तिचे भाषक सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. शाळा मात्र तिला अशुद्ध मराठी समजते. बहिणाबाई चौधरी यांची बोली अहिराणीहून भिन्न. पण ळकाराचा यकार तिच्यातही होतो. त्यांची कविता १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली आणि तो यकार वाङ्मयाचे भूषण ठरला. कवितेत जे भूषण, तेच निबंधात दूषण कसे?

प्रमाणभाषेवाचून उच्च शिक्षण व नोकरी दुर्लभ, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यातून प्रमाणभाषा शिकवावी एवढेच निष्पन्न होते. बोली पुसावी, असे नव्हे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हे अध्यापनाचे जुनेच तत्त्व होय. शिरपूर व चोपडा तालुक्यांतील पावरी भाषकांच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच मोठे आहे. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) मातृभाषेतून अध्यापन ‘शक्य तेथवर’ सांगितले. ही शक्यता केवळ कायद्याने निर्माण होत नाही. अहिराणी, लेवा व पावरी यांची प्रमाण मराठीशी तुलना करणारी, शिक्षकास वर्गात वापरता येतील अशी छोटी व्याकरणे हवीत. ती सिद्ध करणे हे भाषाविभागांचे काम आहे.