‘अकुशल’ या संज्ञेविषयी

रोजगार देणारे खाते आणि प्रशिक्षण देणारे खाते यांच्यात समन्वय नाही, ही तक्रार इतकी जुनी झाली आहे की तिच्यावर समिती नेमण्यापलीकडे कोणास उपाय सुचत नाही. समित्या बसतात, इतिवृत्ते निघतात. परंतु या खात्यांची कागदपत्रे बारकाईने वाचली, तर अडचण बैठकींची नसून संज्ञांची आहे, असे आढळून येते. ‘कुशल’ व ‘अकुशल’ या जोडीचा विचार येथे नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसर नजरेसमोर ठेवून करावयाचा आहे.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे मोठेपण वादातीत आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात तिचा राज्यभर विस्तार झाला आणि 1977 चा अधिनियम 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. या अधिनियमाने हक्क दिला तो ‘अकुशल’ अंगमेहनतीच्या कामाचा. त्यामागील हेतू रास्तच होता: पात्रता न विचारता मागेल त्यास काम मिळावे. म्हणजे ‘अकुशल’ हे कामाचे विशेषण होते, माणसाचे नव्हे. पुढे हिशेबाच्या ओघात ते मजुरास चिकटले. 2005 च्या केंद्रीय अधिनियमाखाली अकुशल मजुरी आणि इतर खर्च यांचे प्रमाण 60:40 ठरले. या चाळीसांत कारागिराची मजुरी आणि सिमेंट, वाळू, खडी यांची किंमत एकत्रच बसली व तो सारा भाग ‘कुशल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. सिंचन विहिरीचे ‘कुशलचे बिल’ थकले, असे आपण ऐकतो तेव्हा थकलेली असते ती बहुधा साहित्याची रक्कम. अर्थांतराचे याहून मासलेवाईक उदाहरण सापडणे कठीण. सिमेंट कुशल ठरले आणि विहीर खोदणारा अकुशल!

मम्मटाने रूढिलक्षणेच्या उदाहरणासाठी हाच ‘कुशल’ शब्द निवडला होता, याचे येथे स्मरण होते. दर्भ, म्हणजे कुश, आणणारा तो कुशल. त्यावरून निपुण असा अर्थ रूढ झाला. विश्वनाथास ही उपपत्ती मान्य नव्हती, हे खरे. तथापि गवत कापणाऱ्याच्या हातावरून नैपुण्यास नाव मिळाले, ही कल्पना जुन्या पंडितांना विसंगत वाटली नाही, एवढे तरी त्यातून दिसते. आजच्या वर्गीकरणात तो गवत कापणारा कोणत्या रकान्यात पडला असता, हे सांगावयास नको.

हरसूल भागातील कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे उतारावर नागली व वरई पिकवितात, राब भाजून भाताची आवणी करतात. पावसाळा सरला की अनेक जण गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभे राहतात आणि तेथून टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. ऑक्टोबरच्या छाटणीत काडी पाहून ती किती डोळ्यांवर कापावयाची, पुढे घडाची विरळणी कशी करावयाची, हे काम हात बसल्याखेरीज होत नाही. बागाईतदार हे जाणतो, म्हणून सरावलेल्या टोळीस एकरी उक्ते देतो. मजूरबाजारास जो भेद कळतो तो शासकीय नोंदीस कळत नाही. गावी परतून समतल चरावर गेलेला तोच मनुष्य हजेरीपटावर पुन्हा अकुशल होतो.

आता दुसरी बाजू. राज्याच्या कौशल्य विभागाच्या नावातही ‘रोजगार’ हा शब्द आहे. पण तेथे त्याचा अर्थ नोकरी किंवा धंदा, तर नियोजन विभागाच्या छत्राखाली वाढलेल्या हमी योजनेत त्याचा अर्थ मजुरीचे दिवस. एकाच शब्दावर दोन खात्यांचे एकमत होते आणि अर्थ दोन राहतात. ‘कौशल्य’ म्हणजेही तेथे प्रमाणपत्राने सिद्ध होणारे कौशल्य. पूर्वी अंगी असलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद त्या धोरणात आहे. पण तीही उमेदवाराने आपण होऊन गाठावयाची.

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने डिसेंबर 2019 मध्ये ‘उन्नती’ प्रकल्प काढला, तो नेमका हा दुवा साधण्यासाठी. मजुरास प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना उत्तमच; पण तिचा आरंभीचा निकष पाहावा. ज्या कुटुंबाने 100 दिवस काम पूर्ण केले, त्यातील प्रौढास प्रशिक्षण. म्हणजे कौशल्याची पात्रता अकुशल कामाच्या दिवसांनी मोजावयाची! जे कुटुंब हंगामभर द्राक्षबागेत राहिले त्याचे हजेरीपटावरील दिवस साहजिकच कमी भरणार. हात जितका तयार, तितके प्रशिक्षणाचे दार दूर. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुन्या अधिनियमाच्या जागी नवा कायदा संमत केला. त्याच्या नावात रोजगार व आजीविका शेजारी आले, हमीचे दिवस 100 वरून 125 झाले. कामाचे विशेषण मात्र ‘अकुशल’च राहिले.

हमीसाठी तो शब्द ठेवावा, कारण तो गेला तर पात्रतेची अट मागील दाराने येईल. हा धोका मी लहान मानीत नाही. परंतु मजुराच्या नोंदीत ते विशेषण असण्याचे काहीच कारण नाही. हजेरीपटावर दिवसांच्या शेजारी त्याने कोणते काम केले, दगडी बांध रचला की चर खोदला, आणि एरवी तो कोणते काम जाणतो, एवढे ग्रामरोजगार सेवकाने मराठीत लिहावे आणि तो कागद औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने व आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाने वाचावा. त्यासाठी नवी समिती लागत नाही. एक रकाना लागतो.