वानर वानरच राहिला तर

२०२१ सालच्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातले लवूळ हे खेडे एकाएकी जगाच्या तोंडी झाले. तिथले वानर कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, माळवदांवर नेत होते आणि त्यांत पुष्कळ पिले दगावली. कुत्र्यांनी आधी वानराचे एक पिलू मारले होते, त्याचा हा सूड, अशी गोष्ट वर्तमानपत्रांनी सांगितली. अडीचशे पिले मारल्याचा आकडाही छापून आला. शेवटी वन विभागाच्या माणसांनी दोन वानर पकडून नेले. उंचावर नेलेली पिले उपासाने नाहीतर पडून मेली असावीत, सूडाबिडाच्या गोष्टीला काही आधार नाही, असे जाणती माणसे सांगत होती. पण सूडाची गोष्ट ऐकल्यावर असली गोष्ट कोण ऐकतो?

त्या आठवड्यात आठवीच्या एका मुलाने मला वर्गातच विचारले, “सर, वांदरं खरंच बदला घेतात का?” आणि मी मोठ्या तोऱ्यात “घेतात तर!” म्हणालो.

असे म्हणायला मला एक कारण होते. माझ्या एका कादंबरीत मी वानरांची टोळी घातली आहे. मारुतीच्या पारावरच्या वडावर एक म्हातारा हुप्प्या राहतो, आपल्या कर्त्यासवरत्या मुलांच्या मेळ्यात राज्य करतो, आणि गावाने वड तोडायला काढल्यावर माणसांवर उलटतो. ते प्रकरण पुष्कळांना आवडले. एका वृद्ध वाचकाने तर ते वाचून डोळ्यांत पाणी आल्याचे कळवले. मात्र आमच्या भागातल्या एका वनरक्षकाने पुस्तक परत देताना एवढेच म्हटले, “गुरुजी, तुमचा हुप्प्या वांदर नाही, पाटील आहे. वांदराची पोरं मोठी झाली की बापापाशी राहत नसतात.”

हे बोलणे मला तेव्हा झोंबले होते. वर्गात “घेतात तर” म्हणून बसल्यावर ते पुन्हा आठवले, आणि त्या रात्री मी कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ काढले. मी मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या परीक्षा देऊन मास्तर झालेला मनुष्य. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. परंतु ज्या लेखकाचे मॅट्रिकही झाले नव्हते, त्याच्या पुस्तकाविषयी बोलायला तेवढे शिक्षण पुरेल, अशा धिटाईने हे लिहितो आहे.

‘सत्तांतर’ १९८२ साली निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कादंबरी लहानशीच आहे. रानातली वानरांची एक टोळी, तिचा हुप्प्या, त्याच्या भोवतीच्या माद्या आणि पिले, आणि टोळीबाहेर हिंडणारे, संधी पाहणारे नर. बाहेरचा आत येतो, आतला बाहेर पडतो, आणि या उलथापालथीत आईच्या पोटाशी बिलगलेली पिले मारली जातात. माणूस जवळजवळ कुठेच नाही.

माझ्या ओळखीच्या बहुतेक वाचकांनी हे पुस्तक राजकारणाची अन्योक्ती म्हणून वाचले. त्यांचा फारसा दोष नाही. १९७५ ची आणीबाणी, १९७७ चा पालट आणि १९८० चा उलट पालट लोकांच्या डोळ्यांसमोर ताजा होता, आणि वर पुस्तकाचे नावच ‘सत्तांतर’! शिवाय प्राण्याच्या गोष्टीत माणूस शोधण्याची खोड आपल्याला फार जुनी आहे. पंचतंत्रातला कोल्हा हा कोल्हा नसतो, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते. आणि वानर म्हटला की तो तर आपल्या देव्हाऱ्यातच आहे. मीही विशीत हे पुस्तक असेच वाचले होते. अमुक हुप्प्या म्हणजे तमुक पुढारी, असा मेळ बसवून झाला की पुस्तक समजले. आज वाटते, ज्या क्षणी मेळ बसला त्या क्षणी मी पुस्तक वाचायचे थांबलो होतो.

कारण पिले का मारली जातात, हे त्या मेळात बसत नाही. माणसांच्या गोष्टीत पोर मारणारा खलपुरुष असतो, आणि त्याचे पारिपत्य व्हावे लागते. माडगूळकरांच्या रानात खलपुरुष नाही. जो मारतो त्याच्याविषयी लेखक दातओठ खात नाही, आणि जिचे मूल गेले तिच्यासाठी गळाही काढीत नाही. पिले जातात, आणि तरी टोळी मोडत नाही. हे वाचताना पोटात खड्डा पडतो. पण हा खड्डा लेखकाने विशेषणांच्या कुदळीने खणलेला नाही. हे त्याने कल्पनेने रचलेलेही नाही. त्यामागे रानात काढलेले लोकांचे दिवस आहेत, आणि ती हकीकत सांगितल्याशिवाय या कादंबरीचे मोल कळेल असे मला वाटत नाही.

१९५८ ते १९६० या काळात फिलिस जे या अमेरिकन विदुषीने उत्तर आणि मध्य भारतात वानरांच्या मागे हिंडून त्यांचे मोठे शांत, सोशिक असे चित्र रेखाटले. पाठोपाठ युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडकडच्या जंगलात आले. जी. ए. कुलकर्णी ज्या धारवाडात राहून नियतीच्या कथा लिहीत होते, तेच हे धारवाड. दोघांची कधी रस्त्यात गाठ पडली असती तर, असा एक खुळा विचार माझ्या मनात येऊन जातो. १९६२ साली सुगियामांच्या पाहण्यात सात नरांनी एका टोळीवर चाल केली, जुन्या हुप्प्याला हाकलले, आणि मग सातांपैकी एकाने बाकीच्यांनाही हुसकावून टोळी ताब्यात घेतली. पुढे टोळीतली पिले एकामागून एक चाव्यांनी जखमी होऊन नाहीशी झाली. जोधपूरचे एस. एम. मोहनोत यांनीही १९७१ साली तसलीच हकीकत प्रसिद्ध केली.

हे असे का होते, यावर विद्वानांत मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, ही विकृती आहे. रान आक्रसले, माणसांनी चणेफुटाणे टाकून वानरांची गर्दी केली, त्या दाटीत जनावर बिघडले. दुसरा पक्ष सारा ब्लॅफर हर्डी यांचा. १९७१ पासून माउंट अबूला त्यांनी वानरांच्या टोळ्या वर्षानुवर्षे पाहिल्या, आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, अंगावर पिणारे पिलू असेपर्यंत मादी सहसा पुन्हा गाभण राहत नाही, आणि हुप्प्याचे राज्य अबूला सरासरी दोन-सव्वादोन वर्षांचे. तेव्हा परक्याचे पिलू वाढण्याची वाट पाहिली तर त्याचा स्वतःचा वंश राहून जाईल. हा वाद पुष्कळ वर्षे चालला. पुढे १९९९ साली कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळच्या रामनगरमधील वानरांची आनुवंशिक तपासणी करून दाखवले की, मारणारा नर मेलेल्या पिलाचा बाप नव्हता. रामनगरचे वानर रानातले, माणसाच्या चण्यांवर वाढलेले नव्हेत. हर्डींच्या बाजूला त्यामुळे मोठेच बळ मिळाले.

मला यातली अबूची एक गोष्ट विसरता येत नाही. नव्या नराशी झुंजून पिलांना वाचवू पाहणाऱ्यांत म्हाताऱ्या, पोर होण्याचे वय सरलेल्या माद्या पुढे होत्या. मी ही गोष्ट कादंबरीत घातली असती तर म्हातारीला आजी केले असते, तिच्या तोंडी एक उतारा घातला असता आणि पानभर पाऊस पाडला असता. हर्डींनी कोण, कुठे, कधी, एवढे टिपून ठेवले. वाचताना मला आजी दिसलीच.

माडगूळकरांचे गद्य या टिपणवहीच्या जातीचे आहे. ते चित्रे काढीत, आणि चित्र काढणाऱ्याला एक गोष्ट कळते: शेपटी कुठे वळते ते पाहिल्यावाचून शेपटी काढता येत नाही. ‘बनगरवाडी’त त्यांनी मेंढरांना मेंढरेच राहू दिले होते, ‘सत्तांतर’मध्ये हे धैर्य सबंध पुस्तकभर टिकवले आहे. आपल्या मराठी कादंबरीत असे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

तरी एक तक्रार आहे. ती नावाविषयी. सत्ता हा शब्द माणसाचा आहे. त्याला दरबार लागतो, सही लागते. वानराजवळ असते ती जागा, माद्या आणि थोडे दिवस. नावाने वाचकाच्या हातात चुकीची किल्ली दिली, आणि इतकी वर्षे आपण तिने भलतेच कुलूप उघडतो आहोत. लेखकाला हे कळले नसेल असे नाही. कदाचित त्याला दोन्ही अर्थ हवे असतील. असतील तर असोत. माझ्यापुरते मी मुखपृष्ठावर बोट ठेवून पुस्तक वाचतो.

दुसरी गोष्ट तक्रार नव्हे. ‘सत्तांतर’मधले रान सलग आहे. आमच्याकडचा वानर आता तशा रानात राहत नाही. आमच्या गावाची आमराई गेली. रस्ता रुंद झाला तेव्हा दुतर्फाचे वड गेले. टोळी आता उसात असते, शाळेच्या पत्र्यावर असते, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याऐवजी विजेच्या तारेला हात घालते. मागच्या उन्हाळ्यात एक मादी पिलासकट चिकटली. शेतकरी हरभऱ्याचे नुकसान दाखवतो तेही खोटे नाही. हा वानर कोणी लिहिला आहे? मी लिहायला बसलो की माझ्या लेखणीतून लगेच सूड घेणारा, नाहीतर टाहो फोडणारा पाटील उतरतो. त्या वनरक्षकाचे म्हणणे मला अजून पुरते पचलेले नाही.

वर्गात जे “घेतात तर” म्हणून बसलो होतो, ते मी परत घेतले. मुलांना सांगितले, “मला ठाऊक नव्हते. तुम्ही पाहा आणि मला सांगा.” मग चित्रकलेच्या तासाला त्यांना मारुतीच्या पाराजवळ नेऊन बसवले. नियम एकच: आधी वेळ लिहायची, मग दिसेल ते काढायचे, आणि खाली एक ओळ. चित्रे ओबडधोबड आली. निम्म्यांनी हुप्प्याला मिशा काढल्या. पण ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, त्याच्या वहीत चित्राखाली होते:

“८ वाजून १० मिनिटे. हुप्प्या पत्र्यावर. पिलू दुसऱ्या बाईनं घेतलं. पहिली बाई काही बोलली नाही. ८ वाजून २५ ला परत दिलं.”

मी लाल पेन्सिलीने ‘बाई’ खोडून दोन्ही ठिकाणी ‘मादी’ केले. ‘बोलली नाही’ खोडण्यासाठी पेन्सिल टेकवली, आणि बराच वेळ तशीच धरून बसलो.