कोटाच्या घडीतले चणे

साईसच्चरित बहुतेक घरांत पारायणासाठी उघडतं. सात दिवस, ठरलेले अध्याय, समोर समई. मी मात्र त्यात एक बाजारगावही वाचत आलो आहे आणि त्यासाठी पुन्हापुन्हा चोविसाव्या अध्यायाकडे वळतो.

ग्रंथाचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, कथेआधीच सांगून ठेवतात की शिर्डीत दर रविवारी बाजार भरतो, आसपासच्या गावांतले लोक येऊन दुकानं मांडतात. मग अशाच एका रविवारी दुपारची मशीद, माणसांची दाटी. पंत खाली मान घालून साईबाबांचे पाय दाबताहेत. एवढ्यात शामा, म्हणजे माधवराव देशपांडे, हसत विचारतात, बाहीला दाणे कसले चिकटलेत? पंत हात लांब करतात आणि कोटाच्या घडीतून चणे घरंगळतात. बसलेली मंडळी ते वेचू लागतात.

वांद्र्याला मॅजिस्ट्रेट राहिलेल्या माणसाचा कोट, आणि त्यात बाजारातले चणे! बाबा लगेच आरोप ठेवतात: याला एकट्याने खायची खोड आहे, आज बाजार, हे चणे त्याची साक्ष. रविवार नसता तर हा आरोप उभाच राहिला नसता. बाजार म्हटला की चणे, हे मशिदीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पंत परोपरीने सांगतात की मी आज बाजार पाहिलेलासुद्धा नाही. बाबा विचारतात, खाण्याआधी माझी आठवण करतोस का? तिथून पंत सुदाम्याच्या चण्यांकडे जातात. पण त्यांच्या घडीत चणे आले कुठून, हे ते शेवटपर्यंत उलगडत नाहीत. हा संयम मला फार मोठा वाटतो. दुसऱ्या एखाद्या चरित्रकाराने चमत्कार म्हणून ते तळहातावर मांडून दाखवले असते.

अडतिसाव्या अध्यायातली हंडी याच बाजारातून शिजते. धान्य, पीठ, मसाला आणायला बाबा स्वतः जातात, रोख पैसे मोजतात. घरच्या कर्त्या माणसासारखे.

उरुसाचा भाग तर कुणी गावाच्या दप्तरातून उतरवून घ्यावा असा आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या मनात १८९७ साली उरुस भरवायचं येतं. परवानगी मिळते, गावचा कुलकर्णी आडवा येतो, ती रद्द होते, खटपट करून पुन्हा मिळते. पुढे रामनवमीचा उत्सव याच उरुसातून आला. २००९ साली रेल्वे आणि २०१७ साली विमानतळ मिळालेल्या आजच्या शिर्डीत हे वाचताना मी पाण्याच्या ओव्यांपाशी थांबतो. गावात विहिरी दोनच. एक आटलेली, दुसरीचं पाणी खारट. खारट विहिरीत बाबा फुलं टाकतात, पाणी गोड होतं. तरी एवढ्या माणसांना ते पुरेना, म्हणून तात्या पाटील बाहेरच्या विहिरींवर मोटा लावतात. दुकानं उभी राहतात, कुस्त्यांचे फड ठरतात. चमत्कार आणि मोट एकाच दमात सांगताना पंतांची ओवी कुठेही अडखळत नाही.